बीडचं स्थलांतर, उचल आणि घरातला पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊसतोडीवर बाहेरचे लोक विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात, आणि आता तर आपलीच पुण्यात वाढलेली पोरं पण तेच विचारायला लागलीत. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. बीड जिल्ह्यापुरतं बोलतोय, पण जालना, अहिल्यानगरचा पाथर्डी-जामखेड भाग, धाराशिव, इथली परिस्थिती फार वेगळी नाही.

बीडमधून नेमके किती लोक ऊसतोडीला जातात?

पेपरात तीन लाख, पाच लाख, सहा लाख असे आकडे येतात, ते सगळे अंदाज आहेत. संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा पण आठ लाखापासून पंधरा लाखापर्यंत कुठेही सांगतात. पक्का आकडा नसायचं कारण साधं आहे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे गाळप ऐन भरात असताना, तेव्हा अर्धं गाव फडात, म्हणजे तोडणीच्या उसात होतं, घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. पुढची जनगणना २०२७ ची, तिची संदर्भ तारीख १ मार्च आहे, म्हणजे माणसं मोजायला येणार ती पुन्हा फेब्रुवारीतच. ज्याने कोणी हा महिना निवडला त्याला हवा बरी असते एवढंच सुचलं असणार.

जातात कधी आणि कुठे?

दसरा झाला की गाड्या लागायला सुरू होतात, दिवाळी कधी घरी तर कधी फडातच. परत यायचं मार्च-एप्रिलमध्ये, ऊस किती आहे त्यावर. २०२१-२२ ला ऊस इतका झाला की काही कारखाने जूनपर्यंत चालले, माणसं भर उन्हाळ्यात तोडत होती आणि गंमत म्हणजे तेव्हा गेवराई-माजलगावचा स्वतःचा ऊस तोडायला माणूस मिळत नव्हता, लोक आपल्या जिल्ह्याचा ऊस उभा ठेवून दुसऱ्याचा तोडायला गेलेले. २०२४-२५ ला उलटं, विधानसभेच्या मतदानामुळे सीझन उशिरा लागला आणि तीन महिन्यांच्या आतच बऱ्याच ठिकाणी पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं.

ठिकाणं म्हणाल तर कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, आणि कर्नाटकात बेळगाव, बागलकोट पट्टा.

जमीन असून का जातात? भूमिहीनच जात असतील ना?

नाही. दोन-तीन एकरवाले भरपूर जातात. बालाघाटच्या डोंगरावरची जमीन म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी हा सगळा पट्टा असाच. पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर म्हणतात पण तो सरासरीने पडत नाही, जूनमध्ये येतो, मग महिनाभर गायब, आणि सोयाबीन काढायच्या वेळेला धो धो. खरीप निघाला की विहिरीला पाणी नाही, रब्बीचं काम नाही, आणि दिवाळीनंतर सहा महिने हाताला काहीच नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं वाढत गेलं, तिकडे पश्चिमेला कारखाने वाढत होते आणि इकडे काम नव्हतं, दोन्ही एकमेकांना बरोबर सापडले.

कोयता, अर्धा कोयता, गाडी सेंटर, डोकी सेंटर म्हणजे काय?

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशोबात ती एकच. एकटा माणूस अर्धा कोयता आणि अर्ध्या कोयत्याला कोणी सहजासहजी टोळीत घेत नाही. गाडी सेंटर म्हणजे टायरगाडी आणि बैलं घेऊन जाणारे, तोडायचं पण आणि कारखान्यापर्यंत वाहायचं पण, त्यांना वाहतुकीचे पैसे वेगळे. डोकी सेंटर आणि ट्रक-ट्रॅक्टरवाल्या टोळीत ऊस तोडून मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची, तिथं घड्याळ कारखान्याचं असतं.

टनाला ३६६ रुपये म्हणजे चांगलेच मिळतात की?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा बसून हिशोब करू.

जानेवारी २०२४ ला साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये करार झाला, ३४ टक्के वाढ, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने. तोडणीचा दर साधारण २७३ वरून ३६६ च्या घरात गेला, तीन वर्षांसाठी. मुकादमाचं, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याचं, कमिशन १९ वरून २० टक्के झालं, ते कारखाना वेगळं देतो, कामगाराच्या दरातून कापून नाही.

आता एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन धरा. म्हणजे ७३२ रुपये, माणशी ३६६. त्यासाठी पहाटे तीन-चारला बाई उठते, भाकरी थापते, अंधारात फडात, आणि रात्री गाडी भरेपर्यंत सुट्टी नाही. बारा-चौदा तासांचा दिवस. तुम्ही मला सांगा की तासाला किती पडले.

पुढचा हिशोब उचलीचा, म्हणजे सीझनआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशाचा. जोडीची उचल आजकाल लाखाच्या आसपास असते, कमी-जास्त. एक लाख फेडायला ३६६ च्या दराने २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टनाने झाले १३६ दिवस. आणि सीझन चालतो किती? शंभर-सव्वाशे दिवस चांगला चालला तर. २०२४-२५ सारखा आटोपला तर त्याहून खूप कमी. वरून आजारपण, पाऊस पडून फड ओला झाला, गाडी आलीच नाही, हे दिवस वजा. फडात असताना किराणा-बाजाराला दर आठवड्या-पंधरवड्याला खर्ची घेतात ती पण त्याच वहीत चढते. म्हणजे दर वाढला तरी एप्रिलमध्ये हिशोबाला बसल्यावर वहीत बाकी निघते ती यामुळे. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत जाते आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याच मुकादमाकडे जाता, मन असो नसो.

म्हणून मी कायम म्हणतो, बीडच्या घराचं उत्पन्न बघायचं असेल तर दर बघू नका, पैसा कामाच्या आधी येतो का नंतर येतो ते बघा.

मग उचल घेतातच कशाला?

कारण ती जुलै-ऑगस्टला लागते. पेरणी झालेली, घरात दाणा संपत आलेला, पोरीचं लग्न झालं त्याचं देणं, दवाखाना, घराचा स्लॅब अर्धा. बँक या माणसाला तारणाशिवाय लाखभर देत नाही, पीककर्ज आधीच थकलेलं. मुकादम मात्र दारात येऊन नोटा मोजून देतो, कागद काय तर एक बाँड आणि अंगठा. व्याजाला सावकाराचा पर्याय आहे पण तो महिन्याला टक्के लावतो. बाहेरून बघणाऱ्याला उचल म्हणजे पगाराचा ॲडव्हान्स वाटते, घरात मात्र तेच वर्षाचं मुख्य उत्पन्न धरतात आणि ते खर्च होऊन गेल्यावर त्याची मेहनत सुरू होते.

मुकादम म्हणजे सगळे लुटारूच का?

सरसकट नाही म्हणता येणार. बऱ्याचदा मुकादम पण कधीकाळचा कोयतेवालाच असतो, गावचाच, भावकीतलाच. तो कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून पैसा उचलतो, स्वतःची जमीन-ट्रॅक्टर अडकवतो आणि वाटतो. कोणी दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच गेला की हा बुडतो, हे पण होतं. पण मग वसुली करताना माणूस डांबून ठेवणं, बायकापोरांना ओलीस धरणं असले प्रकार होतात ते कशानेच माफ होत नाहीत. उचल दिली म्हणून माणूस विकत घेतला असं होत नाही, वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ पासून आहे.

माझ्या मते खरी गोम वर आहे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, कामगाराचं नाव कारखान्याच्या कुठल्याच मस्टरवर नाही. त्यामुळे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, हात तुटला तर विचारायचं कोणाला हे पण नाही. साखर ज्याच्या हाताने निघते तो कागदावर कारखान्याचा कोणीच लागत नाही.

बाईच्या हातात किती पैसे येतात?

थेट? शून्य. कोयता एक, हिशोब एक, नाव नवऱ्याचं. बाई निम्म्याहून जास्त काम करते, कारण फडातून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर आल्यावर नवरा टेकतो आणि तिचं पाणी-स्वयंपाक-पोरं सुरू होतं. तिच्या हातात थोडाफार पैसा पडतो तो वाढ्यांचा, म्हणजे उसाचे शेंडे पेंढ्या बांधून गवळ्यांना, गोठेवाल्यांना विकायचे, त्यातून बाजारहाट भागते. हे रोखीचे असतात आणि वहीत चढत नाहीत म्हणून बायका त्याला जपतात.

आणि एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड वेगळा. पाळी असो, ताप असो. त्याच्यातूनच गर्भाशय काढायचं ते प्रकरण २०१९ ला बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला आणि त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याच जणी अगदी तरुण. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ऑपरेशनचा खर्च बऱ्याचदा कुठून आला माहितीये? उचलीतून. म्हणजे दुखणं फडाचं, इलाजाचं कर्ज पण फडाचंच.

पोरांच्या शाळेचं काय होतं?

दोन रस्ते आहेत. एक, हंगामी वसतिगृह, झेडपी शाळेतून चालतं, पोरं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाईकांकडे राहतात आणि सीझनभर जेवणाची सोय शाळेमार्फत होते. दुसरं, शिक्षण हमी कार्ड, ते दाखवून पोराला तिकडच्या शाळेत बसवता येतं. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायच्या, शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर त्या मागे पडल्या. शिवाय संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे, १० जिल्हे, ४१ तालुके, ८२ वसतिगृहं असं मंजूर झालं २०२१ ला.

कागदावर बरं आहे. प्रत्यक्षात ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथलं पोर टिकतं, ज्या घरात नाही तिथलं जातं. आणि त्यातही पोरगी आधी जाते, कारण कोपीत धाकटं भावंडं सांभाळायला कोणीतरी लागतं. जानेवारीत शाळेच्या पटावर चाळीस आणि वर्गात बावीस असं चित्र दिसलं तर गुरुजींवर लगेच चिडू नका.

बालविवाहाचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांच्या पुढे अशा निघाल्या की ज्यांचं लग्न १८ च्या आत झालं. वयात आलेली पोरगी गावात एकटी कशी ठेवायची आणि फडावरच्या कोपीत, जिला धड दार पण नसतं, तिथं कशी न्यायची, या पेचात आईबाप लग्न उरकतात. दुसरीकडे पोराचं लग्न झालं की पूर्ण कोयता होतो, उचल दुप्पट. सीझनच्या तोंडावर घाईत लागणाऱ्या लग्नांना गेटकेन लग्न म्हणतात. यावर नुसतं प्रबोधन करून भागत नाही, जोपर्यंत दोघं मिळूनच एक मजूर धरला जातोय तोपर्यंत लग्नाला बाजारभाव राहणारच.

रेशन तिकडे मिळतं का?

हो, कार्ड ऑनलाइन आणि आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही दुकानात, कर्नाटकात पण. अडचण अशी की फड गावापासून लांब, दुकान उघडं असतं तेव्हा तुम्ही उसात, आणि वर्षानुवर्षं कोयता धरून बोटाचे ठसे मशीनला लागत नाहीत. जायच्या आधी केवायसी करून घ्या आणि घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांचं त्यांचं उचलता येईल असं बघा.

रोजगार हमी असताना जायची गरज काय?

रोजगार हमी महाराष्ट्रानेच देशाला दिली, त्याच ७२ च्या दुष्काळातून. २०२५-२६ ला तिची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर बघा, ऊसतोडीत माणशी ३६६ पडतात, ते पण बारा-चौदा तासांचे. म्हणजे मजुरीत फार फरक नाही! मग लोक का जातात? रोहयोवर लाखभर आधी मिळत नाही. काम मागितलं तर कधी निघेल सांगता येत नाही, पैसे खात्यावर कधी येतील सांगता येत नाही, आणि वर्षातले मोजके दिवस. ज्याच्या डोक्यावर आधीच देणं आहे त्याला ३१२ रुपये दोन महिन्यांनी येऊन उपयोग नाही. मजुरी वाढवून स्थलांतर थांबेल म्हणणाऱ्यांना हे कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही.

आता पोरं पुण्याला जायला लागलीत, मग ऊसतोड कमी झाली का?

काही घरात झाली. आणि माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत बीडच्या घरांत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. एक पोरगा आयटीआय किंवा बारावी करून चाकण, रांजणगावच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, नाहीतर हडपसर-वाघोलीत सिक्युरिटीला, डिलिव्हरीला, बांधकामावर. पगार बघितला तर बारा-पंधरा हजार, खोलीभाडं-मेस जाऊन घरी चार-पाच हजार पाठवतो. वर्षाचे पन्नास-साठ हजार. एक लाखाच्या उचलीपुढे हा आकडा छोटा दिसतो म्हणून म्हातारे नाकं मुरडतात.

पण फरक बघा. हा पैसा काम झाल्यावर येतो आणि दर महिन्याला येतो. पोराचा पगार खात्यावर येतोय दिसल्यावर किराणा दुकानदार उधार देतो, बचत गटात आईचा हप्ता नियमित जातो, गट मोठं कर्ज देतो, आणि हळूहळू उचल लाखाची पन्नास हजारावर येते, मग एक वर्ष बाप म्हणतो की यंदा नाही जायचं. एकाच वर्षात कोणाचं सुटत नाही, तीन-चार वर्षं लागतात. मध्ये एखादं आजारपण आलं की परत पहिल्यापासून.

आणि ज्यांची दोन्ही पोरं गावात आणि दोन्हींची लग्नं लवकर झाली ती घरं अजून दोन-तीन कोयते घेऊन जातात. एकाच गल्लीत, तेवढ्याच जमिनीवर, ही दोन चित्रं शेजारी-शेजारी आहेत.

पुण्याचं सगळं गोड आहे असं पण नाही. कॉन्ट्रॅक्ट सहा-सात महिन्यांत संपतं, नवीन गेट शोधायचं. मोबाईल, बाईकचे ईएमआय ही नव्या पिढीची उचलच आहे म्हणा, फक्त फायनान्सवाला जास्तीत जास्त बाईक ओढून नेईल, बायको-पोरं नाही.

गावात स्लॅबची घरं, गाड्या दिसतात. मग गरिबी कुठे आहे?

घर एकदा रात्री बघा, लाईट लागते का त्यात. वर्षातले सहा महिने त्याला कुलूप असतं. घर बांधलं म्हणूनच उचल वाढली आणि उचल वाढली म्हणून घरात राहायला मिळत नाही. तरी बांधतात, कारण कोपीत आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचं पक्कं छप्पर पाहिजे असतं, आणि घर नसलेल्या पोराला पोरगी कोण देणार. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

लाडकी बहीण, पीएम किसान यांचा काही फरक पडला का?

पडला. लाडकी बहीणचे महिन्याला १५०० जुलै २०२४ पासून, म्हणजे वर्षाला १८,०००. पीएम किसान ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००. ज्या घरात तिन्ही आहेत तिथं ३०,००० झाले, ऊसतोडीच्या भाषेत ८२ टन, जोडीचे ४१ दिवस. आणि १५०० बाईच्या नावावर पडतात, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या नावाने पैसे काढले. पण या पैशावर उचल थांबली असं घर मला तरी क्वचित दिसलं. आणि हा पैसा सरकारच्या मर्जीचा, केवायसी राहिली की थांबला.

हार्वेस्टर आले की हे लोक काय करणार?

येतायत. सरकारने ९०० मशीनसाठी ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. छोट्या तुकड्यात, ओल्या रानात अजून माणूसच लागतो, पण मोठ्या सरळ प्लॉटवर मशीन दिवसभरात पन्नास जोड्यांचं काम करतं. संघटनावाले घाबरतात ते बरोबर आहे, पण तोडणी वाचवायला पाहिजे का कामगार, हे एकदा ठरवायला पाहिजे. माझं मत विचाराल तर कोयता जावा. फक्त मशीनला अनुदान आणि माणसाला काहीच नाही हे चालणार नाही.

महामंडळाचा काही उपयोग होतो का?

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि सरकारकडून तेवढेच, अशी पैशाची सोय. लाभ घ्यायचा तर ओळखपत्र लागतं, ग्रामसेवकाकडे नोंदणी होते. बायकोची नोंदणी वेगळी करा, "जोडीची एकच" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

रेल्वे आली, आता बदलेल का?

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला गाडी आली, लोक बघायला गर्दी करून आले होते. परळीपर्यंतचं काम बाकी आहे. जायला सोपं झालं एवढं नक्की. थांबायला सोपं व्हायचं असेल तर एमआयडीसीत कंपन्या पाहिजेत आणि त्या रेल्वे आली म्हणून आपोआप येत नाहीत, खंडणीचं वातावरण गेलं तर येतील.

यंदा उचल घ्यायचीच आहे, काय काळजी घ्यावी?

आकडा जोडीचा आहे का माणशी, ते आधी बोलून घ्या. कोऱ्या बाँडवर, कोऱ्या चेकवर सही-अंगठा नको, आणि बाँडचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मुकादमाच्या वहीसारखी आपली पण वही ठेवा, खर्ची किती घेतली ते त्याच दिवशी लिहा, नंतर आठवत नाही. गाडीच्या वजनाच्या पावतीचा फोटो काढा, हिशोबाला टन कमी लावले तर तेवढाच पुरावा. कोण कुठल्या कारखान्यावर, कोणाच्या टोळीत आहे ते घरच्यांना आणि ग्रामसेवकाला लिहून द्या. कोणी डांबलं, धमकावलं तर ११२ ला फोन करा आणि तिथल्या तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वेठबिगारीची तक्रार म्हणूनच द्या, नुसता पैशाचा वाद आहे असं लिहून दिलं की आपसात मिटवा म्हणून परत पाठवतात.